महादप्पा श्वास घेतात तेव्हा

कुणी मोठ्यानं बोलायला लागलं की बसण्णाच्या उजव्या हाताची दोन बोटं हवेतच डावीकडं फिरतात, आवाजाचं बटण कमी करावं तशी. आळंदच्या बाजारात तुरीच्या अडतीवर, माडीला त्याचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. खाली लिलाव सुरू झाला की वर याची बोटं थांबत नाहीत. पोरीच्या लग्नात त्यानं बँडवाल्याला बाजूला घेऊन ‘ढोल तेवढा दाबा’ म्हणून सांगितलं होतं. बँडवाल्यानं यालाच बाजूला केलं.

त्याचं दैवत एकच, कॉम्प्रेसर. मोठा आवाज ठरलेल्या रेघेच्या वर गेला की दाबायचा, मग सगळंच थोडं उचलायचं, म्हणजे बारीक आवाजही ऐकू येतात. बसण्णा हे तासन्‌तास करतो आणि वर “दाबावं, पण गळा धरू न्हाई” हे मला ऐकवतो, जणू मीच कुणाचा गळा धरलाय. मी निंबर्ग्याच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, माझा गुन्हा एवढाच.

आमचे मुख्य गायक महादप्पा. त्यांच्या आवाजाला माईकची गरज नाही, तरी तेच माईकला चिकटून बसतात. गेल्या श्रावणात देवळात बसण्णानं एकाच माईकवर आमचं भजन टिपलं. मागच्या ओळीत त्याची बायको गंगाक्का होती. दिवाळीच्या आधी ती गेली.

यंदा जत्रेला ते भजन सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवायचं ठरलं. बसण्णानं तीन आठवडे लावले. ऐकायला गेलो आणि महादप्पा भडकले. ते गात होते तोवर ठीक. त्यांनी श्वास घेतला की मागचं सगळं उसळून वर यायचं. टाळ, पंखा आणि एक बारीक, कापरा आवाज.

“हे काय करून ठेवलास? सगळं वर-खाली व्हायलंय. लई दाबलास. काढ ते.”

चूकच होती, मलाही कळत होतं. दुसऱ्या कुणी केली असती तर बसण्णानं त्याला जिना दाखवला असता.

“न्हाई काढत.”

“मग दुसरीकडून करून घेतो.”

“घ्या. मी न्हाई काढत.”

“पण कामून?”

“तिला किती डाव म्हणलो, पुढं ये, माईकपाशी बस. आली न्हाई. ह्याच्याशिवाय तिचा आवाज न्हाई माझ्याकडं, अप्पा. तुमी दम घेतलाव की तेवढ्यात ती ऐकू येती.”

महादप्पांनी भजन पुन्हा लावायला सांगितलं आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

मग मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, “बसण्णा, मला आणखी जरा दाबता येतंय का बघ.”