नीट बघून घे

कोणतीही वस्तू हवेत सोडण्यापूर्वी ती जमिनीवरून कशानं चालवायची, हे ठरवावं लागतं. ते ठरेपर्यंत वस्तू कपाटावर ठेवतात.

या प्रकरणातली वस्तू म्हणजे दोन मीटर पंखांचं एक ग्लायडर. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. टेकडीच्या कडेवरून ते हातानं फेकायचं, चढत्या वाऱ्यावर तरंगत ठेवायचं आणि आपण जमिनीवर उभं राहून ट्रान्समीटरच्या दोन दांड्यांनी त्याला वळण लावायचं. (वळण लावण्याचे इतर प्रयोग माणसं घरातही करतात. ग्लायडर निदान उलट उत्तर देत नाही.)

ते बनवलं होतं बायकोनं. ती कपडे शिवायची. हलक्या लाकडाच्या पट्ट्या तिनं कागदी नमुन्यावर कापल्या, चिकटवल्या आणि वर पातळ फिल्म घालून ती इस्त्रीनं ताणून बसवली. सुरकुती एकही नाही. सगळं झाल्यावर ग्लायडर झोपायच्या खोलीतल्या कपाटावर ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "रेडिओ तेवढा तू आण. खरेदी तुझं खातं."

खातं खरोखरच त्याचं होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यानं तेहेतीस वर्षं खरेदी शाखेत काढली होती. एका पंपाची फाइल त्यानं सहा वर्षं इतक्या काळजीनं हाताळली, की तोवर विहीरच आटली. पंप लागलाच नाही. काटकसरीबद्दल त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. ते अजून भिंतीवर आहे.

अशा माणसानं दुकानात जाऊन रेडिओ, म्हणजे तो ट्रान्समीटर, आणणं शक्यच नव्हतं. त्यानं तुलनात्मक तक्ता केला.

तक्त्यात सात ट्रान्समीटर आणि एकेचाळीस रकाने होते. वजन, पडद्याचा आकार, बटणांची संख्या, गळ्यात अडकवायची कडी नेमकी तोलावर आहे का, बोलून माहिती देतो का, दिल्यास आवाज बाईचा की बुवाचा, वगैरे. 'अंगठ्याला वाटणारं समाधान' या रकान्याला दहा गुण होते, आणि ते ठरवायला तो अकरा वेळा दुकानात जाऊन दांड्या हलवून आला. पाचव्या खेपेपासून दुकानदारानं त्याच्यासाठी खुर्ची ठेवली. ग्लायडरला एकूण चार चॅनेल लागत होते, म्हणजे वेगवेगळ्या हलवायच्या गोष्टी चारच. सोळापेक्षा कमी चॅनेलवाले ट्रान्समीटर त्यानं पहिल्याच छाननीत बाद केले. उरलेले बारा चॅनेल कशाला, असं बायकोनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पुढेमागे लागतील."

"मला चारच लागणारेत," ती म्हणाली.

ही हरकत तक्त्याच्या शेऱ्यात नोंदवण्यात आली.

टेकडीवर उडवणाऱ्या अकरा जणांची मतंही त्यानं लेखी घेतली. अकरा जणांची चौदा मतं आली. उजव्या दांडीनं नाक वर-खाली करावं की डाव्या, यावर दोन गट होते आणि ते एकमेकांच्या शेजारी डबा उघडत नसत. टेकडीवरच्यांनी त्याचं नाव तक्तेसाहेब पाडलं. त्याला ते आवडलं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

आठ महिन्यांत तक्त्याची दुसरी सुधारित आवृत्ती तयार झाली. ती त्यानं बायकोला दवाखान्यात नेऊन दाखवली, कारण तोवर ती दवाखान्यात होती. तिनं चष्मा लावून पहिलं पान बघितलं, उलटून दुसरं बघितलं. मग चष्मा काढला.

"बरं," ती म्हणाली. "नीट बघून घे. आणि इस्त्रीचं टेबल आवरू नकोस, लागेल."

तीन दिवसांनी ती गेली.

सक्षम अधिकाऱ्याचा अंतिम आदेश हातात असल्यावर कामात कुचराई करून चालत नाही. त्यानं आणखी अकरा महिने नीट बघितलं. या काळात सातपैकी दोन ट्रान्समीटर बनायचे बंद झाले, एकाचं नाव बदललं, आणि प्रत्येक वेळी तक्ता नव्यानं करावा लागला. दर रविवारी तो स्टुलावर चढून ग्लायडरवरची धूळ तिच्या मऊ ब्रशनं झटके. इस्त्रीचं टेबल बैठकीच्या खोलीच्या मधोमध उघडं होतं. त्याच्या बाजूनं तिरकं होऊन जायची त्याला इतकी सवय झाली, की रस्त्यावरही तो मधूनच तिरका होई.

पाचव्या आवृत्तीच्या वेळी लेक घरी आली. ती शाळेत भाषा शिकवते. टेबलाला मांडी आपटली, ती तिनं चोळली. तक्ता तिनं उभ्यानंच वाचला.

"बाबा, आई नेमकं काय म्हणाली होती?"

"नीट बघून घे."

"मग?"

"मग बघतोय ना."

"बघून घे म्हणाली ना ती? मुख्य क्रियापद कुठलं त्यात?"

कचेरीत क्रियापदाकडे कधी लक्ष द्यावं लागलं नव्हतं.

"'घे'," लेक म्हणाली. "'बघून' हे नुसतं अव्यय आहे, बाबा. अकरा महिने तुम्ही अव्ययात राहताय."

"आणि 'नीट'?"

"ते तुम्हाला सांगायची गरज नव्हती. सवयीनं म्हणाली असेल."

त्यानं रात्रभर विचार केला असं लिहायला हवं, पण त्याला झोप चांगली लागली. सकाळी दुकानात जाऊन त्यानं ट्रान्समीटर घेतला. पहिल्या क्रमांकाचा आता निघत नव्हता, दुसऱ्या क्रमांकाचा मागवावा लागणार होता, आणि चौथ्या क्रमांकाचा समोर फळीवर होता. निवड अशा प्रकारे संपूर्णतः गुणवत्तेवर झाली. दुकानदारानं ट्रान्समीटर खोक्यात घालून दिला आणि विचारलं, "आता खुर्ची काढू का?"

"राहू द्या," तक्तेसाहेब म्हणाले.

ट्रान्समीटर घेणं हा सोपा भाग असतो. त्यानंतर तो प्रोग्राम करावा लागतो. पुस्तिका दोनशे बारा पानांची होती आणि पहिली सव्वीस पानं काय करू नये याबद्दल होती. (ती त्याला सर्वांत आवडली.) ट्रान्समीटरमध्ये साठ विमानांची माहिती राहू शकत होती. त्याच्याकडे एक होतं. विमानाला नाव द्यायचं तर दहा अक्षरांची मर्यादा होती. बायकोचं नाव इंग्रजीत लिहिल्यावर अकरा भरत होतं. एक अक्षर गाळून त्यानं वाचून बघितलं, तर ते दुसऱ्याच कुणा बाईचं वाटलं. मग कारखान्यानं दिलेलं 'मॉडेल १' हेच नाव कायम करण्यात आलं.

पुस्तिकेतले पुष्कळ चमत्कार त्याला घरचेच निघाले. उदाहरणार्थ, मिक्स. मिक्स म्हणजे एक दांडी हलवली की दुसरं काहीतरी आपणहून हलतं. शिवताना तिनं चष्मा काढून ठेवला की तो चहा टाकायला उठत असे. हे मिक्स एकतीस वर्षं बिनतक्रार चाललं. कुणी प्रोग्राम केल्याची नोंद नाही. किंवा एक्स्पो, म्हणजे दांडी थोडी हलवली तर परिणाम अगदीच थोडा आणि शेवटपर्यंत नेली तर पूर्ण. हे त्याच्या बाबतीत तिला ठाऊक होतं. किंवा बाइंड. ट्रान्समीटर आणि विमानातला रिसीव्हर शेजारी ठेवून बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. त्यानंतर रिसीव्हर दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. पुस्तिकेत याला पाऊण पान दिलं आहे. तेवढं पुरे.

सहा दिवसांनी, दुपारी वारा चांगला लागल्यावर, तो ग्लायडर घेऊन टेकडीवर गेला. तिथे सुतार होता. सुताराची आठ ग्लायडरं होती आणि ट्रान्समीटर एकच, चिकटपट्टीनं बांधलेला. तक्त्यासाठी मत विचारलं तेव्हा त्यानं "चालतो तो चांगला" एवढंच लिहून दिलं होतं आणि ते ग्राह्य धरता आलं नव्हतं.

"उजवीकडे दांडी करा," सुतार म्हणाला.

तक्तेसाहेबांनी केली. पंखांच्या मागच्या पट्ट्या हलल्या.

"उलटं जातंय. उजवं सांगितलं की डावीकडे वळेल. तारा उलट्या जोडल्यात तुम्ही."

"लेबलाप्रमाणे जोडल्यात."

सुतारानं पंख काढून सांध्यापाशी बघितलं. उजव्या पंखावर शिवणकामाच्या खडूनं लिहावं तशा ठळक अक्षरांत 'डावा' लिहिलं होतं, डाव्यावर 'उजवा'.

"लेबलच उलटी आहेत. कुणी लावली?"

"तिनं."

सुतारानं कानामागची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. तक्तेसाहेबांना मात्र उलगडा झाला. ती विमानाचं नाक स्वतःकडे करून काम करायची, गिऱ्हाईक समोर उभं करतात तसं. तिच्या डाव्या हाताला आला तो डावा. समोरून येणारं विमान असंच दिसतं, उलटं. नवशिके त्यातच फसतात आणि आपटतात. तिनं लेबलं लावली ती परत येणाऱ्या विमानाला.

"लेबल खरवडा, तारा बदला," सुतार म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

"मूळ नोंदीत खाडाखोड करता येत नाही."

"मग?"

ट्रान्समीटरमध्ये 'उलट' नावाचं एक पान आहे. तिथे खूण केली की यंत्र डाव्याला उजवं समजतं. तक्तेसाहेबांनी दोन खुणा केल्या. रस्त्यात ती "उजवीकडे घे" म्हणाली की डावीकडे वळायचं, हे ते एकतीस वर्षं बिनखुणेचं करत आले होते. एकेचाळीस रकान्यांत या अनुभवाला रकाना नव्हता.

"आता संपर्क तुटला तर काय करायचं, ते लावलंय का?" सुतारानं विचारलं.

"कारखान्यातून आलंय तेच आहे."

"म्हणजे होल्ड. खालून हुकूम यायचा थांबला, की शेवटचा जो मिळाला तोच धरून बसतं. सरळ म्हटलं असेल तर सरळ जातं. दाताच्या डॉक्टरीणबाईंचं गेल्या वर्षी तसंच गेलं, टेकडीपलीकडे. कुणी सांगावं, अजून सरळच चाललं असेल."

तक्तेसाहेब काही वेळ ट्रान्समीटरच्या पडद्याकडे बघत राहिले. इस्त्रीचं टेबल आवरू नकोस. नीट बघून घे. पडद्यावर 'होल्ड' असं लिहिलेलं होतं आणि ते बराच वेळ लुकलुकत होतं.

"दुसरं काय लावता येतं?" त्यांनी विचारलं.

"शेपूट जरा एका बाजूला. मग ते गोल गोल घिरट्या घेत आसपासच उतरतं. थोडं मोडतं, पण घरी नेता येतं."

"कुठल्या बाजूला?"

"कुठल्याही. वळल्याशी कारण."

"डावीकडे करू," तक्तेसाहेब म्हणाले. "म्हणजे तिच्या डावीकडे."

सुतारानं बोटावर हिशेब केला आणि सोडून दिला.

हे लागलं की नाही ते तपासायची एकच रीत आहे. ग्लायडर हातात धरायचं आणि ट्रान्समीटर बंद करायचा. सुतारानं ग्लायडर धरलं. तक्तेसाहेबांनी बटणावर अंगठा ठेवला. अंगठ्याला समाधान वगैरे काही वाटलं नाही. त्यांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. सेकंदभर काही झालं नाही. मग शेपटीची पट्टी कुणी न सांगता हळूच एका बाजूला गेली आणि तिथे थांबली.

"येतंय," सुतार म्हणाला. "चालू करा, फेकतो."

उड्डाण चार मिनिटं आणि काही सेकंद चाललं. नेमके सेकंद नोंदवायचे राहून गेले, ही या प्रकरणातली एकमेव गंभीर त्रुटी. ग्लायडर उतरलं झुडपात. फिल्मला बोटभर चीर गेली. ती बुजवायला इस्त्री लागली आणि इस्त्रीला टेबल, म्हणजे बायकोचा अंदाज बरोबर होता. चीर बुजवून झाल्यावर त्यांनी टेबल मिटलं आणि भिंतीला लावलं. त्या खोलीतून ते अजून तिरकेच जातात, पण ते सवयीचं आहे.

तुलनात्मक तक्ता (पाचवी सुधारित आवृत्ती, एकेचाळीस रकाने) तक्तेसाहेबांनी जपून ठेवला आहे. हे वाचून आपल्याला काही घ्यायचं आहे, करायचं आहे किंवा कुठे जायचं आहे, आणि त्याआधी नीट बघायला हवं, असं ज्यांना वाटलं असेल त्यांना त्याची प्रत मिळू शकेल. अर्जात फक्त दोन गोष्टी कळवाव्यात. घरात कपाटावर काय ठेवलेलं आहे, आणि कोण त्याची वाट बघतंय.

ती व्यक्ती या क्षणी शेजारच्या खोलीत असेल, तर अर्ज विचारात घेतला जाणार नाही.