एक यार्ड बाकी

लांबचं अंतर कापायला माणसाला अक्कल लागत नाही, पाय पुरतात. अक्कल लागते ती शेवटचे तीन फूट उरल्यावर.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलनं हे सत्य फार पूर्वी ओळखलं आहे. या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. पहिल्या तीन संधींत नऊ यार्ड झाले, की चौथीसाठी उरतो एक यार्ड. म्हणजे तीन फूट. म्हणजे शोभनाच्या ओट्यापासून तिच्या फ्रिजपर्यंतचं अंतर. ते अडवून समोर अकरा धिप्पाड मुलं उभी असतात. अशा वेळी चेंडू पोटाशी धरून, मान खाली घालून सरळ पुढे पडणं हा एक मार्ग आहे. परंतु तो कोणालाही सुचण्यासारखा असल्यामुळे टॅमरॅक कॉलेजच्या कोचना मान्य नव्हता.

टॅमरॅक हे मिनेसोटातलं छोटंसं कॉलेज. शोभनाची मुलगी आसावरी तिथे दुसऱ्या वर्षाला होती, दर शनिवारी कपडे धुवायला ईडन प्रेरीला घरी यायची. म्हणून तिचे वडील चारुदत्त तिथले सामने लोकल केबलवर पाहायचे, आणि कोचच्या रचना वहीत उतरवून घ्यायचे. एका यार्डासाठी चौदा रचना होत्या. 'उघडं फाटक' या रचनेत बहुतेक मुलं मैदानाच्या डाव्या टोकाला जाऊन उभी राहत आणि चेंडूपाशी दोघंतिघंच उरत. समोरच्यांनी चक्रावून जावं अशी अपेक्षा असे. (समोरचे त्या दोघातिघांना उचलून आपटत.) 'हत्ती' या रचनेत, ज्या मुलानं जन्मात चेंडू हातात धरलेला नाही अशा सगळ्यात जाड मुलाकडे चेंडू सोपवला जाई. 'विसरभोळा' सर्वांत नाजूक: मुख्य खेळाडू "माझा बूट कुठाय?" असं विचारत मैदानाबाहेर चालू लागतो आणि तेवढ्यात चेंडू भलत्याकडेच जातो. (एकदा त्याचा बूट खरंच सुटला होता. त्या दिवशी चेंडू कुणाकडेच गेला नाही.)

दोन मोसमांत एकूण प्रयत्न एकेचाळीस. यश सात. पैकी पाच प्रतिस्पर्ध्यांच्या चुकीमुळे. सरासरी प्रगती उणे सव्वा यार्ड. कल्पकतेबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती.

"बाबा, इट्स वन यार्ड. जस्ट गो!" आसावरी टॉवेलच्या घड्या घालताना ओरडायची.

"तुला त्यातलं सौंदर्य कळायचं नाही," चारुदत्त म्हणायचे.

त्यांना ते कळत होतं, कारण त्याच काळात त्यांच्यापुढेही एक यार्ड उरला होता.

सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये पार्किंग लॉटच्या पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये प्रल्हाद आणि अंजना राहायला आले. नागपूरचे. प्रल्हाद संगणकांतला दोन हजार सालाचा घोळ निस्तरायला चारुदत्तांच्याच कंपनीत आलेला. माणसं लाखात एक. पहिल्या महिन्यातच नऊ यार्ड कापून झाले: शिक्षण कळलं, पगाराचा अंदाज आला, व्हिसाची स्थिती समजली. आता फक्त एकच गोष्ट कळायची राहिली होती. ती सरळ विचारणं असंस्कृतपणाचं. न विचारता राहणं अशक्य.

आडनावाचा उपयोग नव्हता. चारुदत्तांनी पुण्याला फोन लावून मामांना विचारलं, तर मामांनी त्या आडनावाचे चार समाज सांगितले आणि वर "तू बघ आता" म्हणाले.

तेव्हा रचना सुरू झाल्या. शनिवारी सामना पाहायला प्रल्हाद आणि अंजना यायचेच. चहा झाला की चारुदत्त सोफ्याच्या कडेला सरकायचे.

"प्रल्हादराव, नागपूर म्हणजे नागपुरात नेमकं कुठे?"

"स्टेशनपासून पायी जाता येते."

"अच्छा. आणि गणपती तुमच्याकडे दीड दिवसाचा की पाच?"

"मंडळाचा जितके दिवस असेल तितके दिवस आम्ही जेवायला येतो ना, साहेब."

"लग्न कुठल्या पद्धतीनं झालं तुमचं?"

"घाईघाईनं," प्रल्हाद म्हणाला आणि टीव्हीकडे वळला. "अरे, हत्ती काढला वाटतं त्यांनी!"

शोभनालाही मैदानात उतरवण्यात आलं. ती जाईना, पण चारुदत्त डोळ्यांनी खुणावत राहिले, तेव्हा तिनं स्वयंपाकघरात अंजनाला विचारलं, "वरणात गूळ घालतेस का गं तू?"

"प्रल्हाद चिडला असला तर घालते," अंजना म्हणाली, आणि शोभनाला इतकं हसू आलं की पुढचा प्रश्न राहूनच गेला. (पुढचा प्रश्न मटणाचा होता.)

शेवटी चारुदत्तांनी महाराष्ट्र मंडळाचे सचिव या नात्यानं नवीन माहिती-पुस्तिका काढली. अर्जात एकोणीस रकाने. सतरा रकान्यांत सभासदाची अडचण होऊ नये म्हणून 'ऐच्छिक' असं छापलं होतं. ज्या दोन रकान्यांसाठी पुस्तिका निघाली, त्यांत प्रल्हादनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गोत्र: एच-वन-बी. कुलदैवत: इमिग्रेशनचे वकील.' पुस्तिका छापून घरोघरी गेली. ती अजूनही उपयुक्त समजली जाते.

या काळात दुसऱ्या बाजूनंही प्रयत्न चालू होते, त्यांची नोंद चारुदत्तांच्या वहीत नाही. अंजना जेवायला बोलवत होती. चौदा महिन्यांत नऊ आमंत्रणं गेली, नऊ कारणं आली: बर्फ, उपास, घर तापवणारी फर्नेस, पुन्हा बर्फ, पाठ, आसावरीची परीक्षा, मंडळाची मीटिंग, मंडळाची मीटिंग रद्द झाल्याबद्दलची मीटिंग, आणि एकदा नुसतंच "बघू हं". पार्किंग लॉट ओलांडायला दीड मिनिट लागतं. चारुदत्तांचं म्हणणं एवढंच होतं, की जेवायला जाण्याआधी माणसाला आपण कुठे चाललोय ते माहीत असावं. बाकी ते काही मानत नव्हते. तसं ते सगळ्यांना सांगतही असत.

आणि शोभना गप्प बसायची. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ती गप्प बसायची. मार्चमध्ये तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा बारा दिवस अंजना रोज आली होती. मऊ खिचडी आणायची, शोभनाच्या केसांचा गुंता सोडवून वेणी घालायची. (खिचडीबाबत चारुदत्तांनी 'आजारपणात सगळं चालतं' असा ठराव मनातल्या मनात मंजूर केला होता. स्वतः दोन वाट्या घेतल्या.) आईनंतर शोभनाच्या केसांना कुणी हात लावला नव्हता. तरीही नऊ वेळा तिनं फोनवर कारण सांगितलं, आणि नवव्या वेळी तिला स्वतःचाच आवाज मंडळाच्या सचिवासारखा वाटला.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरातला शनिवार. मोसमातला शेवटचा सामना. टॅमरॅक चार गुणांनी मागे, एक मिनिट उरलेलं, चौथी संधी आणि एक यार्ड. कोचनी टाइमआउट घेतला. चारुदत्त नवी कोरी पंधरावी रचना पाहायला वही उघडून बसले.

आत अंजना कप विसळत होती. ती नळ बंद न करताच बोलली.

"शोभनाताई, आज शेवटचं विचारते. येता का आमच्याकडे? नाही म्हणाल तर राग नाही. पण मग आम्हीही येणार नाही पुढच्या शनिवारपासून. मला आता कारणं ऐकायला लाज वाटून राहिली."

"अगं, असं काय..."

"तुम्ही लोक काय शोधून राहिले ते का आम्हाला समजत नाही? प्रल्हादला मजा वाटते. मला नाही वाटत. आम्ही लपवत नाही हो काही! कुणी सरळ विचारलं असतं तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं, ताठ मानेनं. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर फोटो आहे, हा एवढा मोठा. तुम्ही एकदा आल्या असत्या तर दिसला असता."

शोभनाच्या डोक्यात दहावं कारण तयार होतं, जिभेवर येऊन बसलं होतं. तिनं ते गिळलं, नळ बंद केला आणि हात पदराला पुसायला गेली तर अंगात स्वेटर होता. तशाच ओल्या हातांनी तिनं दाराजवळचे बूट चढवले.

"अगं, कुठे निघालीस? चौथी संधी आहे!" चारुदत्त म्हणाले.

"म्हणूनच," शोभना म्हणाली.

प्रल्हादनं टीव्हीवरची नजर काढली आणि अंजनाकडे पाहिलं. अंजनानं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती शोभनाचा कोट शोधत होती.

इकडे पंधराव्या रचनेत कोणी कुठे उभं राहायचं यावर मुलांचं एकमत होईना. एकजण दोनदा जागा बदलून पुन्हा पहिल्या जागी आला. चेंडू खेळात आणायची मुदत संपली, पंचांनी पिवळं फडकं टाकलं आणि वेळकाढूपणाबद्दल टॅमरॅकला पाच यार्ड मागे ढकललं. आता सहा यार्ड उरले. सहा यार्डांसाठी त्यांच्याकडे एकही रचना नव्हती.

शोभना तासाभरानं परतली तेव्हा पार्किंग लॉटमधले दिवे लागले होते. चारुदत्त वही मिटून बसले होते. प्रल्हाद तिला दारात भेटला, "पोहे कच्चे राहिले असतील, तिला घाई झाली की तसंच होते," म्हणाला आणि घरी गेला. पोहे कच्चे नव्हते. शोभनानं दोनदा घेतले होते. अंजनाला पुढच्या शनिवारचं आमंत्रण देऊन, आणि त्यानंतरच्या रविवारचं घेऊन ती आली होती.

दार लागताच चारुदत्त सोफ्याच्या कडेला सरकले.

"जाऊन आलीस?"

"हो."

"मग? भिंतीवर काय आहे?"

शोभनानं शांतपणे बूट काढले, एकाशेजारी एक ठेवले.

"घड्याळ," ती म्हणाली. "पाच मिनिटं पुढे आहे."

"आणि?"

"आणि तुम्हाला रविवारी बोलावलंय. स्वतः जाऊन बघा."

चारुदत्त गेले की नाही, याबद्दल मंडळात दोन मतं आहेत. भिंतीवर घड्याळाशेजारी कोणाचा फोटो होता, हे सांगायला काहीच हरकत नव्हती. प्रल्हादचं आडनाव सांगायलाही नव्हती. पण तुम्ही मघापासून नागपूर स्टेशन, गणपती, गूळ असं एकेक जुळवत कथेपेक्षा तेच शोधत इथवर आला आहात, आणि आता खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बसला आहात. जरा मागे व्हा. चहा सांडेल.