बापू मोहित्यांचा धक्का

बापू मोहिते कुणाला नमस्कार करत नाही. समोरच्याच्या उजव्या खांद्यावर तळहाताने धक्का देतो. माणूस मागे गेला की म्हणतो, "कच्चा." पुढे रेलून उभा राहिला की, "बिलकुल तयार." शिंदे की छावनीत पोस्टमन, दूधवाला, नवे जावई, सगळ्यांची ही परीक्षा झालेली आहे. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात त्याने नवरदेवालाच धक्का दिला. नवरदेव थेट सोफ्यात. "कच्चा आहे," बापूने वधूपित्याला सांगितलं, "पण चालेल."

ही सवय बंदुकीमुळे लागली. मोहित्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले. फौज संपली, घरात एक दुनळी बंदूक राहिली. शिकारीवर बंदी आली तरी बापू दर दसऱ्याला गल्लीतल्या मुलांना 'शिकारीला' न्यायचाच. मुरारच्या पुढे बीहडात, मातीच्या उजाड घळींत, त्यांना झुडपामागे पालथं झोपवायचा. नीलगाय दिसली की रिकामी बंदूक खांद्याला लावायची, श्वास धरायचा आणि बंदूक खाली ठेवायची. "झाली शिकार. ती तिच्या घरी, आपण आपल्या घरी." मुलं भयंकर चिडायची. मग ढिगाऱ्यावर मडकं ठेवून प्रत्येकाला एक खरा बार, आणि परतताना बेढई-जलेबी.

त्या एका बारासाठी महिनाभर तालीम चाले. खांद्यावर गोधडीची घडी, डावा पाय पुढे, गाल लाकडाला. "बंदूक म्हणजे गाढवी," तो सांगायचा. "लांब उभं राहिलात तर लाथ मारते, चिकटून राहिलात तर नुसती ढकलते." कुणी पोर "आबा, डर लगता है" म्हणालं, तर "डर लागू दे, खांदा ढीला सोडू नको." मुलांसाठी तो हलकी काडतुसं वेगळी आणायचा आणि ती ओळखू यावीत म्हणून त्यांना हळदीचं बोट लावून ठेवायचा. चष्मा वापरत नसे. चष्मेवाल्या शिकाऱ्याला जनावर हसतं म्हणे.

खंडेनवमीला त्याच्या घरची शस्त्रपूजा मी सांगायचो. मी शाळेत संस्कृत शिकवणारा. मंत्र पाठ, बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. माझी मुलगी वीणा सहावीत होती, त्या वर्षी ती पहिल्यांदाच बार उडवणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मडक्यासमोर ती अगदी शिकवल्यासारखी उभी राहिली. बार उडाला आणि माझी मुलगी चेंडूसारखी मागे फेकली गेली. खांद्याजवळचं हाड मोडलं. तिची किंकाळी ऐकून मी जागच्या जागी थिजलो. बापूने मात्र आधी तिला उचललं, मग खाली पडलेलं रिकामं काडतूस उचललं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि खिशात टाकलं.

मी भर गल्लीत त्याला कसाई म्हणालो. तो एवढंच बोलला, "चूक माझी, पंत."

त्यानंतर कुणीच आपलं मूल त्याच्याकडे पाठवलं नाही. वीणाचं हाड दीड महिन्यात जुळलं. आमचं बोलणं दोन-तीन वर्षांनी परत सुरू झालं, पण ही गोष्ट मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलो, रंगवून. दर दसऱ्याला बापू एकटाच मडकी घेऊन बीहडात जायचा आणि तशीच परत आणायचा. गल्ली हसायची. सगळ्यात आधी मी.

यंदा वीणा तिच्या मुलीला घेऊन आली होती. तीही आता सहावीत. मोहित्यांचे आताचे गुरुजी आजारी पडले म्हणून बापूच्या बायकोने, वहिनींनी, इतक्या वर्षांनी मला पूजेला बोलावलं. तलवार झाली, बंदूक झाली. मी काडतुसांच्या डब्याकडे हात नेला, तर वहिनींनी माझं मनगटच धरलं.

"भाऊजी, काडतुसांना नको. एकदा लावलंत तेवढं पुरे."

"चुप बैठ," बापू म्हणाला.

वहिनींनी तरी सगळं सांगून टाकलं. त्या वर्षी मी शास्त्रात कसर नको म्हणून डब्यातल्या एकूण एक काडतुसाला हळदीकुंकू लावलं होतं. कुंकू पूजेचं, हळद आपल्या खुणेची, असं समजून बापूने हातात येईल ते भरलं. ते जड बाराचं होतं, रानडुकरासाठीचं.

माझ्या हातातली कुंकवाची डबी तिथेच सांडली. इतकी वर्षं मी ज्याला कसाई म्हणत आलो, तो हे खिशात घालून समोर बसला होता. मी विचारलं, "बोलला का नाहीस?"

"चष्मा मी लावला नव्हता," बापू म्हणाला. "आणि तू बाप. तुला हा धक्का झेपला नसता, पंत. तू पहिल्यापासून कच्चा."

हे मी त्याच संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं, आणि आता लिहूनही ठेवतो आहे.

दुसऱ्या दिवशी मीच नातीला त्याच्या अंगणात नेलं. त्याने आधी खिशातून नवाकोरा चष्मा काढून लावला. मग उजव्या हाताने तिच्या खांद्याला धक्का दिला. नेहमी मी समोरून बघत आलो होतो, या वेळी मागे उभा होतो. तेव्हा दिसलं, त्याचा डावा हात तिच्या पाठीमागे, अंगाला न लागता, उघडा धरलेला होता.