मूळ पुरुष, प्रथम श्रेणी

ज्या समाजाला आपला इतिहास ठाऊक नसतो, त्याला तो तयार करून घ्यावा लागतो. हे ओळखून पाटण तालुक्यातल्या एका महाविद्यालयाने १९९६ साली 'स्थानिक व कौटुंबिक इतिहास' हा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. उमेदवाराने आपल्या घराण्याचा मूळ पुरुष शोधून त्याच्यावर प्रबंध लिहायचा आणि परीक्षकांनी त्या पुरुषाला श्रेणी द्यायची, असे त्याचे सुटसुटीत स्वरूप होते.

पहिल्याच वर्षी शेकडा एक्क्याण्णव मूळ पुरुष सरदार निघाले, आठ जहागीरदार आणि एक आजन्म ब्रह्मचारी साधू. (साधूला वंशज कसे झाले, हे परीक्षकांनी श्रद्धेपोटी विचारले नाही.) शेती करणारा एकही सापडला नाही. मग एवढ्या सरदारांना भाकरी कोण घालत होते, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा ठरला.

पदविकेचा खरा उपयोग सोयरिकीत झाला. मुलीच्या माहितीपत्रकात उंची आणि रंग यांच्याखाली 'घराणे : प्रथम श्रेणी' अशी ओळ आली. लोक गुणमेलन सोडून गुणपत्रिका मागू लागले. विद्येचा एवढा मान आमच्या भागात पूर्वी कधी झाला नव्हता.

हिंदुराव हे लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले ऊस बागायतदार. त्यांची मुलगी राजनंदिनी आणि सांगली जिल्ह्यातल्या पलूसकडचा शिवतेज यांनी एकमेकांना पसंत केले होते. (मुलीची पसंतीही विचारली गेली. अशी चूक होते कधी कधी.) शिवतेजच्या वडिलांची, म्हणजे जोतिबा तात्यांची, अट एकच होती : घराणे पास पाहिजे.

राजनंदिनीने पदविकेला नाव घातले आणि बिचारीने खरोखरच अभ्यास केला. जतकडच्या म्हाताऱ्या मनुआत्यांना भेटून तिने शोधून काढले, की पणजोबा दुष्काळात बायको आणि दोन शेरडं घेऊन चालत इकडे आले, लोकांची म्हसरं राखली आणि पोटाला चिमटा घेऊन जमिनीचा पहिला तुकडा विकत घेतला. मला विचाराल तर हा माणूस कुठल्याही सरदाराला भारी होता. परीक्षकांनी शेरा मारला, 'लेखन उत्तम. पूर्वज अपुरा.' आणि नापास केले.

हिंदुराव तडक कराडला भाऊसोंच्या टायपिंग सेंटरवर गेले. भाऊसोंच्या कॉम्प्युटरमध्ये सरदार रणसिंगराव तयारच होते. ते एका खिंडीत लढता लढता पडत. कोणत्या खिंडीत आणि किती जखमांनी, ते गिऱ्हाईक सांगेल तसे. भाऊसो धंद्याला प्रामाणिक. एका जिल्ह्यात एक सरदार ते एकदाच विकत. मात्र सातारा-सांगलीच्या सोयरिकी होतात, हे त्यांच्या ध्यानात राहिले नाही.

फेरपरीक्षेत रणसिंगराव पहिल्या वर्गात आले. सुपारी फोडायला दोन्हीकडची मंडळी हिंदुरावांच्या अंगणात जमली. नव्या रिवाजाप्रमाणे आधी दोन्ही प्रबंधांचे जाहीर वाचन झाले. दोन्हीकडून रणसिंगरावच निघाले.

जोतिबा तात्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "आवं पाव्हणं, म्हंजी आपुन एकाच रक्ताचं की!" तीनशे वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. आडनावे वेगळी होती. पण आडनावे मागून पडतात, असे पदविकेतच शिकवलेले होते. आनंद ओसरल्यावर तात्या म्हणाले, "पर आता भावकीत लगीन कसं व्हायचं?"

उपाय एकच होता. दोघांपैकी एकाने सरदार सोडायचा.

"पोरगी जल्मभर घरात ऱ्हायली तरी चालंल," हिंदुराव मिशीवर हात ठेवून म्हणाले, "पर बापजाद्यांचं नाव मी टाकणार न्हाई." (हे नाव घरात येऊन महिना झाला होता.)

तेव्हा राजनंदिनी पुढे आली. "आबा, सरदार त्यास्नीच ऱ्हाऊ द्या. तात्या, आमचा पणजा लोकांची म्हसरं राखायचा. तवा आपुन भावकी न्हाई. लगीन हुतंय."

असे धीराचे बोलणे मी त्या अंगणात दुसरे ऐकले नाही. अडचण पूर्णपणे दूर झाली. तात्यांनीही ते मोकळेपणाने मान्य केले.

"लय ब्येस झालं, पोरी, भावकीचा घोर मिटला," ते म्हणाले. "पर म्हसरं राखणाऱ्याच्या घरची लेक आमी कशी करून घ्यायची?"

शिवतेज अख्ख्या सुपारीकडे बघत बसला. थोड्या वेळाने वडील उठले, म्हणून तोही उठला. जीप वळणाआड जाईपर्यंत राजनंदिनी दारात उभी होती, आणि हिंदुराव तिच्याशी बोलत नव्हते.

शिवतेजचे लग्न त्याच वर्षी थाटात झाले. राजनंदिनीसाठी अजून बघणे चालू आहे. मुलगी शिकलेली, निरोगी आणि खरं बोलणारी आहे. तुमच्याकडे लग्नाचा मुलगा असेलच. इतका वेळ तुम्ही तात्यांना हसत होता, तेव्हा तुम्हाला असल्या गोष्टींचे काही वाटत नाही, हे उघड आहे. पत्ता देऊ?