फणसळकर डॉक्टरांचा ट्युनिशिया

इंग्लंडमधल्या आमच्या कॉव्हेंट्रीत नवीन मराठी कुटुंब आलं की सगळे त्यांना विचारतात, पुण्याचे की मुंबईचे? फणसळकर डॉक्टर विचारतात, "ट्युनिशियाबद्दल तुमचं काय मत आहे?"

समोरच्याचं अर्थातच काही मत नसतं. मग डॉक्टर ते तयार करून देतात.

डॉक्टर इथल्या हॉस्पिटलातून रिटायर झालेले भूलतज्ज्ञ. "रिटायर झाले, पण भूल देणं सोडलं नाही," असं माझा नवरा समीर म्हणतो. गणपतीला आम्ही कम्युनिटी हॉल भाड्यानं घेतो. आरती झाली की डॉक्टर मोदक घेऊन कुणाला तरी कोपऱ्यात गाठतात. "मूळ मुद्दा काय, की हा एवढासा देश. एका बाजूला अल्जीरिया, दुसऱ्या बाजूला लिबिया. एकाकडून गॅस घ्यायचा, दुसऱ्याकडच्या भांडणात पडायचं नाही, आणि समोर युरोपशी गोड बोलायचं. तुम्ही कधी दोन जावांच्या मध्ये राहिलाय का?" तिथल्या अध्यक्षांनी पार्लमेंटच घरी पाठवलं, त्या आठवड्यात ते इतके अस्वस्थ होते की शेजारच्या गोऱ्या आजींनी माझ्याकडे चौकशी केली, डॉक्टरांना बरं नाही का म्हणून.

थालीपिठावर ते ट्युनिशियाचं ऑलिव्ह ऑइल घेतात. सुपरमार्केटमध्ये इटलीची बाटली दिसली की मॅनेजरला बोलावून, यातलं निम्मं तेल मूळचं कुठलं असू शकतं, हे समजावून सांगतात. माझी इथेच जन्मलेली इरा खिडकीतून ओरडते, "आई, ट्युनिशिया आजोबा आला!" आणि समीर लगबगीनं बाथरूममध्ये जातो.

गेल्या हिवाळ्यात माझी आई साताऱ्याहून आली, आणि आमच्याच दारात बर्फावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वॉर्डात बरेच दिवस काढावे लागणार होते. आईला इंग्रजी येत नाही. आम्ही दोघं नोकरीवर. दिवसभर ती एकटी छताकडे बघत पडणार, या विचारानं मला ऑफिसात रडू यायचं.

डॉक्टरांना हे कुणी सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशीपासून ते रोज बसनं हॉस्पिटलात जायला लागले. थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात मऊ भात. आईचं दुखणं नर्सला इंग्रजीत सांगायचं, नर्सचं म्हणणं आईला मराठीत. आणि मधल्या वेळात, दुसरं काय? मी संध्याकाळी पोचले की आईचा आवाज ऐकू यायचा, "मग त्या पावाची सबसिडी काढली का हो शेवटी?"

"काढतील कशी? लोक रस्त्यावर येतील!"

"येणारच. पाव म्हणजे काय चैन आहे?"

अशाच एका संध्याकाळी आईनं विचारलं, "डॉक्टर, पण तिकडे तुमचं कोण आहे हो?"

मी चमकले. इतक्या वर्षांत हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही फक्त पळायचे मार्ग शोधत होतो.

डॉक्टर थर्मासचं झाकण लावत राहिले. मग म्हणाले, "आम्ही सुट्टीला गेलो होतो. मी आणि सुलभा. सूस नावाचं समुद्राकाठचं गाव आहे. सकाळी नाश्त्याला बसलो आणि ती खुर्चीतच कलंडली. जन्मभर मी लोकांचे श्वास सांभाळले. तिचा नाही सांभाळता आला."

आईनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"तिला इकडे आणायच्या परवानग्या मिळायला दिवस लागले. हॉटेलात खोल्या साफ करणारी एक बाई होती, मुनिरा. ती मला हाताला धरून स्वतःच्या घरी घेऊन गेली. तिचा नवरा माझ्याबरोबर सगळ्या ऑफिसांत फिरला. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागायच्या आणि तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला त्यांचं राजकारण समजावून सांगायचा. महागाई, कर्ज, निवडणुका. माझ्या डोक्यात काहीही शिरत नव्हतं. पण तो बोलत होता, म्हणून मी बसू शकत होतो."

मी खाटेच्या कडेला बसले. आईजवळ ते इतके दिवस काय करत होते, ते मला तेव्हा कळलं.

"नंतर फोन केलात का त्यांना?" आईनं विचारलं.

"नंबर आहे. नवरा होता तोवर बोलायचो, आता तो गेला. मुनिराला इंग्रजी येत नाही, मला अरबी. काय बोलणार?"

"लावा."

"अहो, पण..."

"लावा म्हणते ना."

डॉक्टरांनी फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. डॉक्टर "मुनिरा, मी... डॉक्टर..." एवढंच बोलू शकले. आईनं फोन सरळ आपल्याकडे घेतला.

"मुनिराताई, मी साताऱ्याची," आई नेहमीच्या खणखणीत मराठीत म्हणाली. "डॉक्टर बरे आहेत हो. वेळेवर जेवतात. इथे माझं सगळं तेच करतात. तुम्ही त्यांना फार सांभाळलंत, बाई. देव तुमचं भलं करो."

पलीकडून अरबीचा लोंढा आला. मध्येच हुंदका, मध्येच हसू. आई मान हलवत, "हो ना, हो ना," म्हणत ऐकत राहिली. मग फोन ठेवून तिनं चादरीच्या टोकानं डोळे पुसले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय म्हणणार? 'एकदा येऊन जा,' म्हणाली."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"हो," ते म्हणाले, "तसंच म्हणाली."