लटारू गुरुजींची छापून आलेली एकच गोष्ट

लटारू गुरुजी कोणी भेटलं की रामराम करत नसत. "काय दिसलं?" एवढंच विचारत. म्हणजे, झोपेत स्वप्न काय पडलं.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. मी वर्ध्याहून सिंदेवाहीच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो, तर पहिल्याच सकाळी हा प्रश्न. मी म्हटलं, "काही नाही." गृहपाठ न केलेल्या मुलाकडे पाहावं तसं गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन? झोपले नाई का?"

गुरुजी गोष्टी लिहीत आणि त्यासाठी त्यांना लोकांची स्वप्नं लागत. बाजारात वांगी विकणाऱ्या बाईनं स्वप्न सांगायला घेतलं, की कानावरची पेन्सिल हातात येई आणि वांगी तिथंच राहत. हेडमास्तरांनी एकदा सहज सांगितलं, की स्वप्नात शाळा तपासायला आलेले साहेब मोहाच्या झाडावर चढून बसले आणि उतरेचनात. आठ दिवसांत गोष्ट तयार. तीत साहेबांचं अस्वल झालं होतं, आणि झाडाखाली हजेरीपट घेऊन उभे होते ते हुबेहूब हेडमास्तर. तेव्हापासून हेडमास्तर सगळ्यांना सांगू लागले, की मला हल्ली झोपच लागत नाही.

"तुम्ही स्वतःची स्वप्नं का नाही लिहीत?" मी विचारलं.

"मले पडतच नाई," गुरुजी म्हणाले, आणि धानाच्या रोवण्याबद्दल बोलू लागले.

या गोष्टी नागपूरच्या एका मासिकाकडे जात आणि परत येत. संपादक दर वेळी तेच कळवीत: कल्पना मजेची आहे, पण आतून आलेली वाटत नाही. गुरुजी ते पत्र दोनदा वाचत, नीट घडी घालत आणि म्हणत, "मानूस सभ्य हाय."

आम्ही शेजारी शेजारी राहत होतो. गुरुजींची बायको कौसाबाई लग्नाच्या चौथ्या वर्षीच तापानं गेली होती. मूलबाळ नव्हतं. एका रविवारी दुपारी मी सुईदोरा मागायला गेलो, तर गुरुजी चटईवर झोपले होते आणि झोपेत बोलत होते. "पुरे वो, एवढा भात कोन खाईन?" आणि हसले. जागेपणी मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले, तर मी समोर उभा. त्यांनी काही लपवलं नाही. "येते कधी कधी. महिन्यातून दोनदा, तीनदा. तांदूळ निवडत बसते. जेवले का, विचारते. बाकी काई नाई."

"गुरुजी, हीच तर गोष्ट आहे. ही लिहा."

"हे नाई लिहाचं."

मी तेवीस वर्षांचा होतो. लिहिण्यासारखं असेल ते लिहिलंच पाहिजे, असं मला वाटे. पावसाळाभर मी त्यांच्या मागे लागलो. दिवाळीच्या सुटीत त्यांनी ती गोष्ट लिहिली आणि मासिकानं ती पहिल्याच पानावर छापली. शिक्षकांच्या खोलीत मी मोठ्यानं वाचून दाखवली. हेडमास्तर चष्मा पुसत बसले. गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते.

होळीच्या सुमारास मी विचारलं, "नवीन काय लिहिताय?"

"काई नाई." मग म्हणाले, "मास्तर, कौसा आता येत नाई. लिहली तवापासून येत नाई. मी दुपारचा बी झोपून पाह्यलं."

 आणि वर त्यांनीच माझी समजूत घातली. "तुमचा काई दोष नाई. गोष्ट चांगली झाली. लोकाइले आवडली."

त्या उन्हाळ्यात माझी बदली सावली गावच्या शाळेत झाली. गुरुजी मोटारीपर्यंत पोचवायला आले, वळकटी त्यांनीच उचलून आणली. मोटार सुरू झाली तसे खिडकीशी येऊन म्हणाले, "एवढ्या लोकाइनं वाचली. कोनाच्या ना कोनाच्या सपनात जात असन. तुमच्याकडं आली, त एक कार्ड टाकजा."

नव्या गावी मी खरोखर वाट पाहिली. झोपण्याआधी ती गोष्ट वाचूनही पाहिली. पण कौसाबाईंना मी कधी पाहिलंच नव्हतं, त्या येणार कशा? शेवटी श्रावणात मी कार्ड लिहिलं: काल आल्या होत्या. तुमची चौकशी करत होत्या.

आठ दिवसांनी उत्तर आलं. मधोमध दोनच ओळी, घोटीव अक्षरात. "कार्ड पावले. खंगलेली तर नव्हती ना? शेवटी फार खंगली होती."

मी त्याच दिवशी टपालात टाकलं: नाही गुरुजी. बांगड्या हातात घट्ट बसल्या होत्या.