नमुना क्रमांक सात

शनिवारी सकाळी आई गॅलरीत जपाला बसल्याची खात्री करून गर्गे सरांनी जेवणाच्या डब्यातली भेंडी वाटीत उपसली, डबा घासला, पुसला आणि त्यात देव ठेवला.

देव म्हणजे घरचा शाळिग्राम. लिंबाएवढा, काळा कुळकुळीत, एका अंगाला कोरल्यासारखं चक्र. तांब्याच्या छोट्या बैठकीत तो लाखेनं पक्का बसवलेला होता. सरांनी तो चमच्याच्या दांड्यानं उचकटून काढला होता. रिकाम्या बैठकीवर त्यांनी शेवंतीची फुलं रचली. वत्सलाबाई, म्हणजे सरांच्या आई, शाळिग्रामाला हात लावत नसत, घराण्याची रीतच तशी होती. पण बारा वाजता नैवेद्य दाखवताना तुळशीच्या काडीनं फुलं बाजूला सारून त्या डोळे भरून देव बघत. मगच जेवत. देवाआधी घास नाही, आणि वेळेवर घास नाही तर साखर खाली. मागच्या वर्षी अशाच एकदा ओट्यापाशी घेरी येऊन पडल्या होत्या. त्यामुळे काहीही झालं तरी बाराच्या आत देव बैठकीत परत हवा होता.

आता विज्ञानाच्या शिक्षकानं देव डब्यात का घालावा? त्याला कारण होतं. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि सरांचा विषय होता 'जीवसृष्टीचा उगम'. दारावर बारा फुटी फ्लेक्स लागला होता : 'या आणि पाहा, पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा जीव!' हा जीव म्हणजे शाळेच्या जुन्या पेटीतला अमोनाइट, समुद्रातल्या गोगलगायीसारख्या प्राण्याचा दगड झालेला अवशेष. पेटी गुरुवारी उघडली तेव्हा बारा खणांपैकी नेमका अमोनाइटचा सातवा खण रिकामा निघाला. नाशिकचा सगळा काळा दगड लाव्हाचा, त्यात असा जीव शोधून सापडायचा नाही. फ्लेक्स तर लागलेला. त्या रात्री सरांना झोप आली नाही, कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती : शाळिग्राम म्हणजेही अमोनाइटच.

ही गोष्ट त्यांना वीस वर्षं ठाऊक होती आणि वीस वर्षं त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. सकाळी साडेसातपर्यंत विष्णू शेषावर पहुडायचा, त्याच्या नाभीतून कमळ, कमळातून ब्रह्मदेव आणि ब्रह्मदेवापासून सृष्टी. साडेदहानंतर महास्फोट, अमीबा, मासा, माकड. मध्ये सर कपडे बदलत. दोघांची समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही, एवढीच त्यांची साधना होती. आज दोघं एकाच डब्यात होते.

शाळेत पोचल्यावर सरांनी शाळिग्राम सातव्या खणात ठेवला. तो टच्च बसला, जरासुद्धा हलेना. 'देवाची कृपा,' सरांच्या मनात आलं. लगेच इकडेतिकडे बघून त्यांनी ते 'योगायोग' असं दुरुस्त केलं.

परीक्षक डॉ. धनराज पगार दहाला येणार होते. साडेदहाला त्यांचा फोन आला, "सर, द्वारका चौकात अडकलोय. एक कंटेनर आडवा झालाय. गाडी पुढं नाही, मागं नाही."

"किती वेळ लागेल?"

"माझ्या पुढच्या रिक्षावाल्यानं झोपायला मान खाली घातलीय. यावरून काय तो अंदाज घ्या."

अकरा वाजले. साडेअकरा. सर दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. तेवढ्यात प्रयोगशाळेतून कुजबुज ऐकू आली म्हणून धावले, तर पेटीपुढं मुलांची रांग. प्रत्येक जण चप्पल काढून पुढं येत होता आणि हात जोडत होता. सातव्या खणात तुळशीचं पान होतं. शेजारी प्रयोगशाळेचा शिपाई पुंजा डोळे मिटून उभा.

"पुंजामामा, हे काय?"

"सर, शाळिग्राम हाय ना हा! आमच्या गावच्या देवळात हाय असाच. उघडा ठेवू नाय. लय पाप लागतं."

"अहो, हा अमोनाइट आहे!"

"आसंल की सर. देवाला काय, नावं लय आसत्यात."

सरांनी पान उचललं. टाकवेना म्हणून शर्टाच्या खिशात ठेवलं. बारा वाजले आणि फोन वाजला.

"ज्ञानू, बारा वाजले. अरे, नैवेद्याचं..."

"आलोच आई! फुलं नको हलवूस. आलोच!" त्यांनी फोन ठेवून दिला. साडेबाराला पुन्हा तेच. पाऊण वाजता पुन्हा. आता सरांना डोळ्यांपुढं आईच दिसू लागली, ओट्याला धरून उभी, चेहरा पांढराफटक. देव उचलून पळावं असं वाटलं, पण तेवढ्यात मुख्याध्यापिका संध्या मॅडम डॉ. पगारांना घेऊन आत आल्या.

पगार सर पेटीवर वाकले. "व्वा! पण खरा आहे ना? हल्ली प्लास्टरच्या प्रतिकृती मिळतात. कुणी आम्लाची परीक्षा करून दाखवेल? खरा असेल तर बुडबुडे येतील."

आठवीतली आरोही याच क्षणाची सकाळपासून वाट बघत होती. तिनं शाळिग्राम उचलला, उलटा केला, स्पिरिटच्या बोळ्यानं त्याच्या बुडाची लाख खसाखसा पुसली आणि अॅसिडचा ड्रॉपर उचलला.

"थांब!" सर ओरडले. "अगं, आंघोळ झालीय त्याची!"

आरोहीचा ड्रॉपर हवेतच थांबला.

"म्हणजे," सर म्हणाले, "नमुना स्वच्छ केलेला आहे."

"कशानं?" पगार सरांनी वही उघडली.

गर्गे सरांना खोटं बोलता येत नसे. विज्ञानापुढंही नाही आणि देवापुढंही नाही. "आधी दूध," ते पुटपुटले. "मग दही. तूप, मध, साखर. शेवटी गरम पाणी."

पगार सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि वहीत लिहिलं, 'स्वच्छता : नैसर्गिक पद्धतीने.'

"सर, अॅसिड नकोच," आरोही म्हणाली. "हे बघा ना. इथं आपल्या शाळेचं नाव आहे. आणि नंबर."

लाखेखालून पांढऱ्या रंगातली बारीक अक्षरं वर आली होती. शाळेचं नाव आणि पुढं ठसठशीत ७. सरांनी ती अक्षरं दोनदा वाचली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "गर्गे सर, हरवलेला नमुना सापडला तुम्हाला आणि बोलला नाहीत!" पगार सरांनी तिथल्या तिथं जिल्हा प्रदर्शनासाठी निवड जाहीर केली. मॅडमनी पेटीला कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली.

दोन वाजता सर रिकामा डबा घेऊन घरी पोचले. आई पंख्याखाली बसली होती. पुढं ताट होतं, आणि ते चाटूनपुसून स्वच्छ होतं.

"तू जेवलीस?" सरांना रडूच आलं.

"सव्वाबाराला. गोळी घ्यायची असते मला. देव शाळेत गेलाय तर खिडकीतून शाळेकडं तोंड करून नैवेद्य दाखवला नि जेवले."

"तुला कसं कळलं?"

"डबा घेऊन गेलास, भेंडी ओट्यावर आणि फुलांखाली बैठक रिकामी. तीनदा फोन केला, दुपारी देवाला निदान शेंगदाण्याचा लाडू तरी दाखव म्हणून. तू ऐकून घेशील तर ना!"

सरांनी सगळं सांगितलं. खण, लाख, सातचा आकडा. आईनं ताट बाजूला सारलं.

"तुझे तात्या त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे ना. आपला मूळ देव एका एकादशीला रामकुंडावर स्नान घालताना त्यांच्या हातून निसटला. तुझी आजी अंथरुणाला खिळलेली. तिला कळलं असतं तर तिनं अन्न सोडलं असतं. दुसऱ्या दिवशी तात्या शाळेतून हा घेऊन आले. याच डब्यातून."

सरांनी हातातल्या डब्याकडं बघितलं.

"परत देणार होते. मग तुझी आजी गेली, तोवर बारा वर्षं पूजा झालेली. मी विचारलं, अहो, हा खरा देव का? तर म्हणाले, पंधरा कोटी वर्षं ज्यानं काढली, त्यानं माझ्या आईपुरतं देव व्हायला काय हरकत आहे?"

"आणि तुझ्यापुरता?"

"मी काय परीक्षक आहे?" आई उठली. "भेंडी गरम करते. बस."

सोमवारी जिल्हा प्रदर्शनाचा अर्ज भरायचा होता. नाव, वय, प्रकार, सगळे रकाने सरांनी झरझर भरले. शेवटचा रकाना होता, 'नमुना हाताळताना घ्यावयाची काळजी'. त्यात त्यांनी लिहिलं, 'आम्ल वापरू नये.' पेन थांबलं. दाराकडं बघितलं. पुंजा पेटी पुसत होता, त्याच्या मुठीत तुळशीची काडी होती. सरांनी तिकडं न पाहिल्यासारखं केलं आणि खाली दुसरी ओळ लिहिली, 'दुपारी बारानंतर उपाशी ठेवू नये.'

संध्या मॅडमनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.